शेवटचा हप्ता देण्याआधी फरशी वाजवून बघा



गेल्या उन्हाळ्यात मी गटातून कर्ज काढून स्वयंपाकघरात आणि मोरीत टाइल्स बसवून घेतल्या. ठेकेदार ओळखीचा, म्हणून कागद केला नाही. काम संपलं त्याच दिवशी सगळे पैसे दिले. दिवाळीत भरलेली कळशी जरा जोरात टेकली, तर टाइलचा कोपराच फुटला. मोरीतलं पाणी जाळीकडे जायचं सोडून उंबऱ्याकडे यायला लागलं. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, टाइल्सच हलक्या आणल्यात तुम्ही."

टाइल हलकी नव्हती, तिच्याखाली माल पुरता नव्हता. घाईत काही मिस्त्री मधोमध मालाचा गोळा ठेवतात आणि वरून टाइल दाबतात. कडा पोकळ राहतात आणि वजन पडलं की तिथेच फुटतात.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. माल सुकला की नाण्याने प्रत्येक टाइल वाजवायची, मधे आणि चारही कोपऱ्यांत. मडकं खणखणलं तर चांगलं, इथे मात्र उलटं असतं. भरीव टाइलचा आवाज दबका येतो, पोकळ टाइल डबडब वाजते. तिच्यावर खडूने फुली मारा. मोरीत बादलीभर पाणी ओता आणि कुठे साचतं ते बघा. हे सगळं सांध्यांत व्हाइट सिमेंट भरण्याआधीच करा, कारण तेव्हा टाइल काढून बसवणं सोपं असतं. आणि हो, टाइल्सची एक पेटी जास्तीची घ्या. नंतर त्याच रंगाची मिळेलच असं नाही.

कागद साधा असला तरी चालतो. चौरस फुटाचा दर, माल कोणाचा, पोकळ टाइल कोणाच्या खर्चाने बदलायची एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. शेवटचा हप्ता तपासणी झाल्यावरच द्यायचा, हेही त्यातच लिहा.

पैसे देऊन बसला असाल तर फोटो काढा, तारखेसह लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत ठेवा. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि काम 5 लाखांपर्यंतचं असेल तर फी लागत नाही.

मी पत्र लिहिलं आणि गटातल्या चौघींना घेऊन त्याच्या घरी गेले. त्याने मोरीचा उतार पुन्हा काढून दिला. स्वयंपाकघरातल्या दोन टाइल्स अजून तशाच आहेत, त्या रंगाची पेटी आता दुकानात मिळत नाही.