‘दऱ्या’ची तक्रार नेमकी कोणाकडे?

कोथरूडच्या एमआयटीत किंवा शेजारी कर्वेनगरच्या कमिन्समध्ये शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात हातभार लावायचा असतो, त्यांच्यासाठी गिटहब या संकेतस्थळावर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल असतं. नवख्याला झेपेल असं काम, एवढाच त्याचा अर्थ. पण ते लावण्याआधी कुणीतरी तक्रार नीट वाचलेली असते, दोष आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहिलेला असतो आणि तो कोणी निस्तरायचा हे ठरवलेलं असतं. खरी मेहनत तिथे आहे. मराठीच्या बाबतीत तर ती मराठी वाचणाऱ्यावाचून अडते.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ घ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. समजा, ‘दऱ्या’बद्दल तीन तक्रारी आल्या: अक्षर तुटकं दिसतं, टाइप होत नाही, शोधल्यावर सापडत नाही. मराठी न येणारा माणूस मागच्या दोन्हींवर ‘डुप्लिकेट’ लावून मोकळा होईल. प्रत्यक्षात पहिलीचं मूळ फाँटमध्ये असेल, नाहीतर अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझसारख्या इंजिनात. दुसरीचं कीबोर्डमध्ये. तिसरी सगळ्यात चिवट. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधयंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. म्हणून ‘फाँट’, ‘कीबोर्ड’, ‘शोध’ अशी घटकवार लेबलं लागतात. नाहीतर फाँटवाला महिनोन्‌महिने निर्दोष फाँट तपासत बसतो.

मराठी अक्षरांचं हे काम पुण्याला परकं नाही. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुले केलेले भारतीय लिपींचे लोहित फाँट पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले.

घटकाइतकीच दोषाची तीव्रताही महत्त्वाची. डेबियन या मुक्त प्रणालीच्या तक्रारनोंदीत ‘क्रिटिकल’पासून ‘विशलिस्ट’पर्यंत पायऱ्या आहेत. ‘दऱ्या’चा दोष इंग्रजी वापरणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण त्यामुळे मराठी शब्दाचा अर्थच बदलत असेल तर तो ‘मायनर’मध्ये टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

लेबलांना वजन असतं हे हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअर उपक्रमाने दाखवलं. २०२० मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा पूर आला, सांभाळणारे स्वयंसेवक मेटाकुटीला आले आणि आयोजकांना ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. स्वतःहून सामील झालेले प्रकल्पच त्यात धरले जाऊ लागले, आणि सांभाळणाऱ्यांच्या हाती ‘हॅक्टोबरफेस्ट-ॲक्सेप्टेड’ हे लेबल आलं.

म्हणून कोथरूडच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं, कोड लिहिण्याआधी जुन्या मराठी तक्रारी उघडा. लेबल लावायचा अधिकार नवख्याला नसतो, पण खुल्या तक्रारीखाली टिप्पणी लिहिता येते. दोष नव्या आवृत्तीत अजून दिसतो का, कोणत्या फोनवर, कोणत्या कीबोर्डने, ‘ऱ्य’ कोणत्या तऱ्हेने टाइप केला, एवढं चित्रासह लिहा. अशा नोंदी सातत्याने करणाऱ्याला प्रकल्प ‘ट्रायेज’चा, म्हणजे तक्रारींची वर्गवारी करण्याचा अधिकार देऊ शकतो; गिटहबने ही भूमिका २०१९ पासून वेगळी ठेवली आहे आणि तिच्यासाठी कोडची एकही ओळ बदलावी लागत नाही.