काळ्या दगडाखालचा दगड

इंजिनिअरिंग जिऑलॉजीच्या व्हायवाला ‘महाराष्ट्रात कुठला खडक?’ असं विचारलं की आपण ‘बेसॉल्ट, सर’ म्हणून मोकळे होतो. उत्तर बरोबर आहे, पण ते वरच्या मजल्यापुरतं! सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कोयनेच्या परिसरात तो ज्या खडकावर पसरला, तो ग्रॅनाइट-नाइस अडीचशे कोटी वर्षांहूनही जुना आहे. हाच पायाचा खडक.

सिव्हिलवाल्यांनी त्याच्याकडे का बघायचं? 11 डिसेंबर 1967 ला कोयनेत 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. माणसं दगावली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. जलाशय भरल्यापासून तिथे धक्के बसत आलेत. त्यातले बहुतेक दोन किलोमीटरपेक्षा खोलवरून येतात, आणि बेसॉल्ट तर साधारण एक-सव्वा किलोमीटरवरच संपतो. म्हणजे जे काही सरकतंय ते पायाच्या खडकात!

म्हणून तिथे आधी सुमारे दीड किलोमीटरचे बोअर घेतले आणि 2017 मध्ये तीन किलोमीटरचा. वर आलेल्या दगडी दांड्यांना आपण कोअर म्हणतो. नाइसमध्ये काळे-पांढरे पट्टे दिसतात, कुठे कुठे ते बाकरवडीच्या कापासारखे गुंडाळलेले असतात. पांढरे पट्टे क्वार्ट्‌झ-फेल्डस्पारचे, काळे बायोटाइट-हॉर्नब्लेंडचे. दगड घासून 0.03 मिलिमीटर जाडीची चकती केली की उजेड आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खनिज ओळखू येतं.

मला सगळ्यात भारी वाटतात त्या भेगा. भेगेच्या कडेला काळपट बायोटाइटचं हिरवं क्लोराइट झालं असेल, आत पोपटी एपिडोट किंवा पांढरं कॅल्साइट बसलं असेल, तर तिथून कधीतरी पाणी खेळलेलं आहे. भेगेचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला असेल आणि त्यावर समांतर ओरखडे असतील, तर दोन्ही बाजू एकमेकींवर सरकल्या आहेत, तेही ओरखड्यांच्याच दिशेने. जलाशयामुळे भूकंप का होतात, याचं मुख्य स्पष्टीकरण हेच: भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजू एकमेकींवर कमी जोराने दाबल्या जातात, आणि आधीच ताणाखाली असलेली भेग सुटते. सॉइल मेकॅनिक्समधला इफेक्टिव्ह स्ट्रेस आठवतोय ना? तोच, फक्त काही किलोमीटर खाली!

एक गोची मात्र आहे. कोअर बाहेर काढताना गोल फिरतो आणि उत्तर दिशा हरवते. भेग 60 अंशांनी कललेली आहे हे मोजता येतं, पण कुठल्या दिशेला, ते कळत नाही. मग बोअरच्या भिंतीची ध्वनिलहरींनी घेतलेली प्रतिमा कोअरशी जुळवत बसावं लागतं. काम कंटाळवाणं आहे खरं, पण दिशा कळल्याशिवाय आजच्या ताणाखाली कुठली भेग सरकू शकते आणि कुठली गप्प राहील, हे ठरवताच येत नाही.