आरेखन व छायाचित्रांच्या कामासाठी पहिला संगणक

टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईचे पेन यांच्या साहाय्याने घराचा आराखडा काढणारा आरेखक आणि काळोख्या खोलीत लाल दिव्याच्या उजेडात छायाचित्रे धुणारा छायाचित्रकार, हे एकेकाळी दोन स्वतंत्र व्यावसायिक होते. त्यांची हत्यारे वेगळी, शिक्षण वेगळे आणि दुकानेही वेगळी. डिसेंबर १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ ही आरेखनाची आज्ञावली बाजारात आली, तर १९९० मध्ये छायाचित्रांवर संस्कार करणारी ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली आली. त्यानंतरच्या काळात हे दोन्ही व्यवसाय हळूहळू एकाच टेबलावर, एकाच यंत्रासमोर येऊन बसले. आज पेडणे, सत्तरी किंवा डिचोली तालुक्यातील एखादा तरुण आरेखक-स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून गावातच व्यवसाय करू लागतो, तेव्हा सकाळी घरदुरुस्तीचा नकाशा आणि सायंकाळी अर्जावर लावावयाचे छायाचित्र, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे येणे स्वाभाविक आहे.

असा पहिला संगणक बहुधा घरच्या शिलकीतून किंवा कर्जातून घेतला जातो. त्यामुळे निवड चुकली तर तिचा भार यंत्रापेक्षा कुटुंबावर अधिक पडतो. अनुभव असा आहे, की अशा खरेदीत पैसा कमी पडल्याने जितके नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान तो भलत्या ठिकाणी खर्च झाल्याने होते. झगमगते खोके आणि खेळांसाठी बनविलेले महागडे ग्राफिक्स कार्ड यांवर रक्कम संपते. मग पडदा, वीजरक्षण आणि राखीव प्रती यांच्यासाठी काहीच उरत नाही. वस्तुतः या कामात याच तीन गोष्टींची खरी गरज असते.

प्रथम काम, नंतर यंत्र

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या कामाचे स्वरूप कागदावर लिहून काढणे हितावह ठरते. घरांचे आणि जागेचे सपाट, म्हणजे लांबी-रुंदी दाखविणारे नकाशे काढावयाचे आहेत, की इमारतीची त्रिमितीय चित्रे करावयाची आहेत? छायाचित्रे अर्जापुरती आहेत, की लग्नसमारंभाची शेकडो छायाचित्रे एका वेळी हाताळावयाची आहेत? सपाट नकाशे आणि सर्वसाधारण छायाचित्रे एवढेच काम असेल, तर प्राथमिक दर्जाचा पण नीट निवडलेला संगणक पुरेसा होतो.

प्रोसेसर

प्रोसेसर हा संगणकात प्रत्यक्ष गणित करणारा भाग. त्यात अनेक गाभे असतात व ते एकाच वेळी निरनिराळी कामे करू शकतात. तथापि सपाट आरेखनाचे बरेचसे काम एका वेळी एकाच गाभ्यावर चालते. म्हणून आरेखकाच्या दृष्टीने गाभ्यांच्या संख्येपेक्षा प्रत्येक गाभ्याचा वेग महत्त्वाचा असतो. छायाचित्रांच्या काही क्रियांत मात्र अधिक गाभ्यांचा उपयोग होतो. दोन्ही कामांचा मेळ घालण्यास चार ते सहा वेगवान गाभे पुरेसे आहेत.

येथे ग्राहकाची एक नेहमीची फसगत होते. ‘आय सेव्हन’ हे नाव ‘आय थ्री’पेक्षा मोठे, म्हणून ते यंत्रही चांगले, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात यंत्राची पिढी पाहावी लागते. २०१७ सालच्या आय सेव्हन-७७०० पेक्षा २०२२ साली आलेला आय थ्री-१२१०० अधिक वेगवान आहे. या जुन्या क्रमांकपद्धतीत आरंभीचे आकडे पिढी दर्शवितात : ४५७० म्हणजे चौथी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. नव्या मालिकांत नावांची पद्धत बदललेली असल्याने ‘हा प्रोसेसर कोणत्या साली बाजारात आला?’ हा साधा प्रश्न विक्रेत्यास विचारणे सर्वांत सोयीचे.

ग्राफिक्स कार्ड हवे काय?

पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय अनेक प्रोसेसरमध्येच असते. एएमडी कंपनीचा रायझेन फाइव्ह ५६००जी हे याचे एक उदाहरण. सपाट नकाशे व सामान्य छायाचित्रे यांना ही अंगभूत सोय पुरते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असेल, तर त्यात ही सोय नसते व वेगळे कार्ड घ्यावेच लागते. एका अक्षराचा हा फरक न पाहता स्वस्त म्हणून असा प्रोसेसर घेतला, तर बचत बाजूला राहून खर्चच वाढतो.

पुढे त्रिमितीय चित्रांचे काम मिळण्याची शक्यता असल्यास आजच कार्ड घेण्याऐवजी ते नंतर बसविता येईल अशी जागा आणि त्याचा भार पेलणारा वीजपुरवठा संच खोक्यात असल्याची खात्री करून घ्यावी. काम मिळाल्यावर कार्ड घेता येते. घेतलेले कार्ड मात्र काम मिळवून देत नाही.

रॅम : साध्या गणिताने कळणारी गरज

चालू काम ज्या तात्पुरत्या स्मृतीत उघडलेले असते, तिला रॅम म्हणतात. ती किती हवी, हे अंदाजाने ठरविण्याची आवश्यकता नाही. आजच्या अनेक कॅमेऱ्यांतून निघणारे छायाचित्र ६,००० × ४,००० म्हणजे दोन कोटी चाळीस लाख बिंदूंचे असते. उत्तम प्रतीचे संस्कार करताना प्रत्येक बिंदूस सहा बाइट लागतात. अर्थात एका छायाचित्राच्या एका थरास १४ कोटी ४० लाख बाइट, म्हणजे सुमारे १४४ एमबी जागा हवी. पाच थर चढविले की हाच आकडा ७२० एमबीवर जातो, आणि छायाचित्रे तर एका वेळी अनेक उघडलेली असतात.

आरेखनातही असेच घडते. जुना नकाशा स्कॅन करून त्यावर नवा आराखडा काढण्याची पद्धत सर्रास आहे. ५९४ × ८४१ मिलिमीटरचा, म्हणजे ए-वन आकाराचा कागद इंचास ३०० बिंदू या प्रमाणाने रंगीत स्कॅन केला, तर सुमारे सात कोटी बिंदू होतात व ते उघडण्यास २०० एमबीहून अधिक रॅम खर्ची पडते. विंडोज प्रणाली, ब्राउझर व छपाईची आज्ञावली यांचा वाटा वेगळाच. यावरून ८ जीबी रॅमवर काम कसेबसे चालते, परंतु १६ जीबीवर ते सुखाने चालते, हे ध्यानात येईल. या १६ जीबीसाठी ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने लावाव्यात. अंगभूत ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा घेत असल्याने जोडीचा लाभ प्रत्यक्ष दिसतो. पुढे आणखी वाढ करावयाची झाल्यास मोकळी खाच आहे किंवा नाही, हेही पाहून ठेवावे.

साठवण

संगणक मंद वाटण्याचे एक मोठे कारण म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. ती सेकंदास साधारणतः १०० ते २०० एमबी वाचते. सॅटा जोडणीची एसएसडी सुमारे ५०० एमबी, तर एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्या कित्येक पट वाचते. म्हणून प्रणाली आणि चालू कामे यांसाठी ५१२ जीबीची एसएसडी घ्यावी. जुन्या कामांचा संग्रह ठेवण्यास मात्र हार्ड डिस्क अजूनही स्वस्त व उपयुक्त आहे.

पडदा : दुर्लक्षित पण निर्णायक

ग्राहक मॉनिटरकडे बहुधा शेवटी वळतो आणि उरलेल्या रकमेत जो मिळेल तो घेतो. छायाचित्रांच्या कामात ही चूक महाग पडते. पडदाच रंग खोटे दाखवू लागला, तर कितीही वेगवान प्रोसेसर ते सुधारू शकत नाही. पडद्यावर उजळ दिसणारा चेहरा कागदावर काळवंडलेला येतो, ग्राहक नाराज होतो आणि कागद व शाई दोन्ही वाया जातात.

यासाठी आयपीएस प्रकारचा पडदा घ्यावा. तो बाजूने पाहिला तरी रंग फारसे बदलत नाहीत. माहितीपत्रकात ‘एसआरजीबी’ या रंगमर्यादेपैकी किती टक्के रंग दाखविले जातात, हे दिलेले असते. ते ९५ टक्क्यांच्या वर असावेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख आढळल्यास रंग फिके समजावेत व तो पडदा छायाचित्रांसाठी टाळावा. २४ इंची, १,९२० × १,०८० बिंदूंचा पडदा सुरुवातीस पुरेसा आहे. ऐपत असल्यास २७ इंची, २,५६० × १,४४० बिंदूंच्या पडद्यावर नकाशाच्या बारीक रेषा आणि अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात. मॉनिटर खिडकीसमोर न ठेवता खिडकी बाजूस येईल असा ठेवावा, त्याचा उजेड कमी करावा आणि एका नमुना छापाशी ताडून पाहावा. या उपायांना पैसा लागत नाही.

वापरलेले संगणक घेताना

कार्यालयांतून बाद झालेले संगणक नवे रूप देऊन अल्प किमतीत विकले जातात. त्यांत चांगली यंत्रेही असतात. पण येथे एक तारीख लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. विंडोज १० साठी मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-सुधारणांचा नियमित पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा अथवा त्यापुढील प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. त्याहून जुन्या यंत्रावर कोणी विंडोज ११ ‘बसवून देतो’ म्हणत असेल, तर ती व्यवस्था अधिकृत नसते, हे समजून असावे.

अशा जुन्या यंत्रावर लिनक्स प्रणाली निर्धोकपणे चालू शकते. लिबरकॅड, फ्रीकॅड, गिंप व इंकस्केप या मोफत आज्ञावल्या तिच्यावर चालतात. ऑटोकॅड व फोटोशॉप मात्र लिनक्ससाठी उपलब्ध नाहीत. शिवाय लिबरकॅडचे काम प्रामुख्याने डीएक्सएफ नमुन्यावर चालते. ज्यांना अभियंत्यांकडून डीडब्ल्यूजी नमुन्यातील नकाशे मिळतात, त्यांनी तसा एखादा नकाशा प्रथम उघडून पाहावा आणि मगच निर्णय घ्यावा. पात्र विद्यार्थ्यांना व शिक्षकांना ऑटोकॅड शिक्षणासाठी विनामूल्य मिळते, पण त्या परवान्यावर व्यवसाय करता येत नाही. चोरीच्या आज्ञावल्या वापरणे बेकायदेशीर तर आहेच. त्यांच्यासोबत येणारे घातक घटक ग्राहकांची कागदपत्रेही धोक्यात आणतात.

वीज, पावसाळा आणि राखीव प्रती

कोकणपट्टीतील पावसाळा यंत्रांची परीक्षा पाहतो. विजेचा दाब खालीवर होणे, अचानक पुरवठा खंडित होणे आणि हवेतील दमटपणा या तिन्हींचा विचार खरेदीच्या वेळीच करावा लागतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकास व मॉनिटरला ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्याइतका अवधी देतो. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये. तो क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो. अर्थिंग परवानाधारक वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे. गडगडाट सुरू होताच यंत्राचे प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत, कारण कोसळणाऱ्या विजेपासून यूपीएस संरक्षण देऊ शकत नाही. यंत्र जमिनीवर किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये आणि पावसाळ्यात ते दिवसेंदिवस बंदही ठेवू नये.

सर्वांत मोलाची गोष्ट यंत्रात नसून त्यातील कामात आहे. संगणक पुन्हा घेता येतो, परंतु लग्नाची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. आणि नकाशा नाहीसा झाल्यास एखाद्या कुटुंबाची बांधकामाची परवानगी खोळंबते. एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता निकामी होते. यासाठी जगभर रूढ असलेला नियम सोपा आहे : प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी असावी. संगणकात एक प्रत, बाहेरील हार्ड डिस्कवर दुसरी व इंटरनेटवरील साठवणीत किंवा नातेवाइकाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर तिसरी, एवढी व्यवस्था छोट्या व्यावसायिकालाही परवडण्यासारखी आहे.

शाळा, कार्यालये आणि पावती

शाळा व कार्यालयांनी मागणीपत्रात ‘अद्ययावत संगणक’ असे मोघम शब्द न लिहिता प्रोसेसर बाजारात आल्याचे साल, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आयपीएस पडदा, यूपीएस, बाहेरील हार्ड डिस्क आणि हमीचा कालावधी यांचा स्पष्ट उल्लेख करावा. मोघम मागणीस मोघम वस्तू मिळते आणि तिचा त्रास पुढे विद्यार्थ्यांना व जनतेला होतो. खासगी ग्राहकानेही जीएसटीची पक्की पावती घ्यावी, तीवर प्रत्येक भागाचे नाव व क्रमांक लिहवून घ्यावेत आणि हमीची सेवा जवळपास कोठे मिळते याची चौकशी करावी. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता केंद्राचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

रक्कम अपुरीच असेल तर कशास कात्री लावावी, याचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम ग्राफिक्स कार्ड व शोभेचे दिवे वगळावेत, नंतर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा. परंतु पडदा, १६ जीबी रॅम, एसएसडी, यूपीएस व राखीव प्रतीची डिस्क यांना हात लावू नये. हा क्रम पाळून घेतलेला साधा संगणकही कित्येक वर्षे चोख काम देतो, आणि गावातील नकाशांची व छायाचित्रांची कामे गावातच होऊ लागतात.