बागेची जागा येते कुठून?

आरक्षण : महाराष्ट्रात बागा आणि क्रीडांगणांच्या जागा शहराच्या विकास आराखड्यात राखून ठेवतात. आराखडा साधारण २० वर्षांचा असतो.

किती हवी : केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांनुसार माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा.

मोबदला : आरक्षित जमिनीच्या मालकाला रोख रक्कम, एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क). टीडीआरने तिजोरीवर लगेच भार पडत नाही. पण ते बांधकाम दुसऱ्या वस्तीत उभे राहते आणि तिथेही बाग लागतेच.

मुदत : १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ महत्त्वाचे. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांतही पालिका हलली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. ती जागा शहराने गमावली असे समजा.

देखभाल : बाग एकदा बांधून भागत नाही. माळ्याचा पगार, पाण्याचा पंप, झोपाळ्याची झिजलेली कडी, हा दरसालचा खर्च. अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र तरतूद आहे का, हे आपल्या नगरसेवकाला जरूर विचारा.