पोरक्या मुलांचा वाद्यवृंद

मध्य प्रदेशातील मैहर म्हटले की भाविकांना टेकडीवरची शारदादेवी आठवते, तर संगीतप्रेमींना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, पंडित रविशंकर यांचे हे गुरू. परंतु या विख्यात शिष्यांच्याही आधी त्यांनी जी मुले शिकवून तयार केली, त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशभर हाहाकार उडाला. मैहर संस्थानातही कितीतरी मुले पोरकी झाली. महाराजा ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी असलेल्या बाबांनी (खाँसाहेबांना सारे याच नावाने ओळखत) या मुलांना गोळा करून त्यांच्या हाती वाद्ये दिली. बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती, तेव्हा कागदावरच्या स्वरलिपीचा उपयोग काय? बाबांनी वाजवावे, मुलांनी ऐकावे आणि हात बसेपर्यंत घोकावे, अशी ही शाळा. बाबांचा संताप सर्वश्रुत होता. मुलांच्या वाट्याला तोही आला असणारच.

एकेकट्याने रागविस्तार करण्याच्या आपल्या परंपरेत अनेकांनी मिळून वाजविण्याची कल्पना बाबांना सुचली, याचे मूळ कोलकात्यात आहे. तारुण्यात ते तेथील रंगभूमीच्या वाद्यमेळांत वावरले होते, पाश्चात्य पद्धतीचे व्हायोलिनही शिकले होते. म्हणूनच मैहरच्या वृंदात सतार-सरोदाच्या शेजारी व्हायोलिन आणि चेलो बसले. बंदुकांच्या नळ्या कमीअधिक लांबीच्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचे नवे वाद्यच घडविले. संहाराचे साधन असे स्वरांच्या कामी आले, याचे आपल्याला विशेष अप्रूप वाटावे!

पुढे संस्थान गेले, १९७२ मध्ये बाबाही गेले. वृंद मात्र राज्य शासनाच्या आश्रयाने टिकून राहिला. आज त्यात पोरकी मुले नाहीत, वेतनावर नेमलेले वादक आहेत. रचना मात्र बव्हंशी त्याच जुन्या रीतीने, ऐकून ऐकून पुढे जातात.

काळजी आहे ती येथेच. सारे स्वरलिपीत उतरवून ठेवावे, हे म्हणणे सोपे. परंतु गत कोठे आवरायची, कोणत्या वाद्याने कोठे माघार घ्यायची, हे कागद पुरते सांगत नाही. एखादा वादक निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरायला विलंब झाला, तर नव्याने येणाऱ्याने ऐकायचे कोणाचे? जुना वादक वाजवीत असतानाच नवा त्याच्या शेजारी येऊन बसला पाहिजे.