डेल्फ्टचा कापडव्यापारी आणि रक्ताचा थेंब

कापडाची पारख करणारा व्यापारी भिंग डोळ्याला लावतो ते धागे मोजण्यासाठी. बोटभर जागेत उभे धागे किती, आडवे किती, यावर मालाचा भाव ठरतो. सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट येथे अँटनी व्हॅन लेव्हेनहूक नावाचा असाच एक कापडव्यापारी होता. १६३२ साली जन्मलेला हा गृहस्थ सोळाव्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या कापडपेढीवर उमेदवारीला राहिला, तेथे हिशेब शिकला आणि गावी परतून त्याने स्वतःचे दुकान थाटले. विद्यापीठाचे शिक्षण नाही, विद्वानांची लॅटिन भाषाही अवगत नाही. तरीही तांबड्या रक्तपेशींचे पहिले नेमके वर्णन त्याच्या नावावर जमा आहे.

त्याचे सूक्ष्मदर्शक आजच्या यंत्रासारखे मुळीच नव्हते. धातूच्या दोन लहान पट्ट्या, त्यांमध्ये मण्याएवढे एकच भिंग, आणि समोर सुईच्या टोकावर पाहावयाची वस्तू. स्क्रू फिरवून सुई पुढेमागे करायची आणि पट्टी डोळ्याला अगदी भिडवून उजेडाकडे पाहायचे. अशा पाचशेहून अधिक भिंगांची निर्मिती त्याने केली. उरलेल्यांपैकी एक सुमारे २७० पट मोठे दाखवते. भिंग घडविण्याची रीत मात्र त्याने कोणालाही सांगितली नाही. धंद्यातली गुपिते जपण्याची सवय येथेही सुटली नसावी!

१६७४ साली त्याने रक्ताचे गोलक पाहिले. वाळूच्या बारीक कणापेक्षा ते २५,००० पटींनी लहान आहेत, असे त्याने लिहिले. हा आकडा घनफळाचा आहे. रुंदीच्या हिशेबात तो सुमारे २९ पट भरतो. आज तांबड्या पेशीचा व्यास साडेसात मायक्रॉनच्या आसपास मानतात, म्हणजे दुकानदाराचे माप फारसे चुकले नव्हते. मासे व पक्षी यांच्या रक्तातील पेशी मात्र लांबट असतात, हेही त्याने टिपले.

मिरी तिखट का लागते, हा त्याचा आणखी एक प्रश्न. मिऱ्यांच्या कणांना टोचणारी टोके असावीत, या तर्काने त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. टोके सापडली नाहीत; सापडले ते असंख्य हलणारे जीव. १६७६ साली ही वार्ता लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली तेव्हा तेथील मंडळींना ती खरी वाटेना. दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे कसे? तेव्हा त्याने धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित साक्षीदारांची लेखी ग्वाही पाठविली. १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी तोच प्रयोग करून खात्री करून घेतली आणि १६८० साली सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

माणसाच्या तांबड्या पेशीची घडण तिच्या कामास साजेशी आहे. ती दोन्ही बाजूंनी मध्ये खोलगट असते. त्यामुळे प्राणवायू आत-बाहेर जाण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो. पक्व पेशीत केंद्रक नसते. ती जागा हिमोग्लोबिनला मिळते. स्वतःहून अरुंद केशवाहिनीतून ती दुमडून पार होते आणि सुमारे १२० दिवस टिकते. घडण बिघडली की कामही बिघडते, आणि तो बिघाड आजही भिंगाखालीच दिसतो.

प्रयोगशाळेत रक्ताचा थेंब काचपट्टीवर ठेवून दुसऱ्या पट्टीने पातळ पसरवितात, रंगद्रव्य लावतात आणि तेल घातलेल्या भिंगाखाली हजार पट मोठा करून पाहतात. पेशी लहान व फिकट दिसल्या की बहुधा लोहाची कमतरता समजली जाते. परंतु थॅलेसेमियाच्या वाहकाच्याही पेशी अशाच दिसतात. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. कित्येकदा लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन जागचे हलत नाही आणि कारण ध्यानात येत नाही. वधू आणि वर दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाला वरचेवर रक्त चढवावे लागते. व्यवहाराच्या बैठकीत देण्याघेण्याची बारीक चौकशी होते. हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो, आणि निघालाच तर तो अपमान मानला जातो. वास्तविक वाहक असणे हा रोग नव्हे.

रक्ताच्या साध्या अहवालात ‘एमसीव्ही’ नावाचा आकडा छापलेला असतो. तो तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सांगतो. प्रौढांमध्ये तो ८० पेक्षा कमी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने शरीरातील लोह आणि ‘हिमोग्लोबिन ए-२’ या दोन्ही चाचण्या करून घेता येतात. लोह कमी असल्यास ए-२ चा आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून दोन्ही अहवाल एकत्रच वाचावे लागतात.