वस्त्राने न गाळले जाणारे विष
डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांचे जलसंशोधन

पाणी गाळून पिणे हा जैन गृहस्थाच्या दिनचर्येतील पहिला संस्कार होय. दुहेरी वस्त्रातून पाणी गाळावे, वस्त्रात राहिलेली जिवाणी जेथून पाणी आणले त्याच जलाशयात जपून सोडावी आणि पाणी उकळून प्रासुक करावे, अशी आपली परंपरा आहे. सूक्ष्म जीवांविषयीच्या करुणेतून आलेल्या या आचाराने माणसाच्या आरोग्याचेही रक्षण केले. परंतु पाण्यात विरघळलेले काही पदार्थ असे असतात की त्यांना वस्त्र अडवू शकत नाही आणि अग्नीही नष्ट करू शकत नाही. आर्सेनिक हा त्यांपैकी एक. त्याच्या एका संयुगाला आपल्याकडे सोमल म्हणतात. भूजलातील या विषाचा माग काढण्यात कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठातील शास्त्रज्ञ डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून २०१८ मधील आपल्या निधनापर्यंत सुमारे तीस वर्षे वेचली.

उपकारातून उद्भवलेले संकट

गंगेच्या मुखाकडील प्रदेशात पाण्याची वाण कधीच नव्हती. तळी, नद्या, विहिरी सर्वत्र होत्या. मात्र त्यांतील दूषित पाण्यामुळे पटकी आणि अतिसार यांनी असंख्य बालके दगावत. हे थांबावे म्हणून १९७० च्या दशकापासून पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदण्यात आल्या. बांगलादेशात युनिसेफने या कार्याला साहाय्य केले. हातपंपाचे पाणी थंड, नितळ आणि जंतुविरहित होते. लोकांनी ते विश्वासाने स्वीकारले. त्या पाण्यात आर्सेनिक आहे काय, ही तपासणी मात्र तेव्हा कोणी केली नाही.

१९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून काही रुग्ण आले. त्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके होते. तळहात आणि तळपाय खरखरीत होऊन त्यांवर कठीण गाठी उठल्या होत्या. डॉ. साहा यांनी या लक्षणांचा संबंध पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकशी जोडला. हे विष शरीरात वर्षानुवर्षे थोडे थोडे जात राहते आणि अनेक वर्षांनी त्वचेवर प्रकट होते. पुढे त्वचा, फुप्फुसे आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. रोग बळावल्यावर त्यावर खात्रीचे औषध नाही. सुरक्षित पाणी आणि सकस आहार हाच मुख्य उपाय.

रोगाहून समाजाचे वर्तन अधिक क्लेशकारक ठरले. अनेक गावांत या डागांना महारोग समजण्यात आले. मुलींचे विवाह अडले, विवाहित स्त्रियांना माहेरी धाडण्यात आले, मजुरांना काम मिळेनासे झाले. ज्यांचा काहीही दोष नव्हता, त्यांच्या वाट्याला रोग आणि तिरस्कार दोन्ही आले.

थेंबाथेंबाची नोंद

डॉ. चक्रवर्ती हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. परदेशातील विद्यापीठांत काम करून ते मायदेशी परतले आणि १९८८ मध्ये त्यांनी पश्चिम बंगालमधील पाण्याचे सर्वेक्षण हाती घेतले. जाधवपूर विद्यापीठातील पर्यावरण अभ्यास विभागाचे ते संचालक झाले. त्यांची कार्यपद्धती साधी पण अत्यंत कष्टाची होती. सहकाऱ्यांसह गावोगाव जायचे, प्रत्येक कूपनलिकेचा नमुना घ्यायचा, लोकांची त्वचा तपासायची आणि त्यांचे केस, नखे व मूत्र यांतील आर्सेनिक मोजायचे. पाण्यात किती विष आहे आणि त्यातील किती शरीरात गेले, या दोन्ही बाजू त्यामुळे ताडून पाहता येत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनेनुसार एक लिटर पाण्यात १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक नसावे. म्हणजे एक लाख लिटर पाण्यात अवघा एक ग्रॅम. इतक्या अल्प प्रमाणाला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. प्रयोगशाळेवाचून ते ओळखण्याचा मार्ग नाही.

वीस वर्षांच्या कामाचा अहवाल या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या सर्व १९ जिल्ह्यांतील कूपनलिकांचे १,४०,१५० नमुने तपासले गेले होते. त्यांपैकी ४८.१ टक्के नमुन्यांत आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा अधिक होते आणि २३.८ टक्के नमुन्यांत ते ५० मायक्रोग्रॅमच्याही वर होते. सुमारे ९६ हजार लोकांच्या तपासणीत नऊ हजारांहून अधिक जणांच्या त्वचेवर विषबाधेची चिन्हे आढळली. अधिक बाधित जिल्ह्यांत मालदा, नदिया, उत्तर व दक्षिण चोवीस परगणा यांच्याबरोबर मुर्शिदाबादही आहे. भागीरथीच्या काठावरील अजीमगंज आणि जियागंज ही शहरवाली जैनांची, देखण्या जिनमंदिरांची नगरे याच जिल्ह्यातील.

हे निष्कर्ष सुरुवातीस सहजपणे स्वीकारले गेले नाहीत. लोकांत भीती पसरविली जात आहे, अशी टीका झाली. तरीही डॉ. चक्रवर्ती यांनी सर्वेक्षण थांबविले नाही. १९९५ मध्ये त्यांनी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवून हा प्रश्न जगापुढे मांडला. बांगलादेशातही त्यांच्या गटाने विस्तृत काम केले. तेथील आपत्तीचे वर्णन २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातील एका लेखात ‘इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा’ असे करण्यात आले. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझा पट्टी या गावात आणि त्यानंतर उत्तर प्रदेशातील बलिया परिसरात या गटाला तेच विष आढळले. संकट बंगालपुरते मर्यादित नव्हते. गंगेच्या मैदानाचा मोठा भाग त्याच्या छायेत होता.

विष आले कोठून?

हे आर्सेनिक कारखान्यांनी सोडलेले नव्हते. हिमालयातून नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळात लोहाचे कण असतात आणि त्यांना आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे सेंद्रिय द्रव्यावर जगणारे सूक्ष्म जीव या लोहकणांत बदल घडवितात. कण विरघळतात आणि त्यांना धरून राहिलेले आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. उथळ व मध्यम खोलीच्या कूपनलिका नेमके याच थरांतून पाणी उपसत होत्या. उघड्या विहिरीतील पाण्याचा हवेशी संपर्क येत असल्याने तेथे आर्सेनिकचे प्रमाण बहुधा कमी आढळते. जंतूंच्या भयाने ज्या विहिरी लोकांनी सोडून दिल्या, त्या या एका बाबतीत अधिक सुरक्षित होत्या.

यंत्र बसविले, पुढे काय?

आर्सेनिक काढणारी यंत्रे बसविली की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटत होते. जाधवपूरच्या गटाने अशा १९ संयंत्रांची दोन वर्षे पाहणी केली. एकाही संयंत्राला पाण्यातील आर्सेनिक सातत्याने १० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवता आले नाही. ५० मायक्रोग्रॅमची मर्यादादेखील केवळ दोनच संयंत्रांनी पाळली. यंत्र बसविणे एका दिवसाचे काम. त्याची निगा राखणे हे रोजचे कर्तव्य असते. म्हणूनच डॉ. चक्रवर्ती यांचा आग्रह वेगळा होता. बंगालला विपुल पाऊस, नद्या, तळी आणि विहिरी लाभल्या आहेत. गावकऱ्यांच्या सहभागाने हे पाणी साठवावे, जंतुविरहित करावे आणि पिण्यासाठी वापरावे, असे ते सांगत राहिले.

गाळणे आणि उकळणे या जुन्या शिस्तीला येथे तिचे खरे स्थान पुन्हा प्राप्त होते. तळ्या-विहिरींच्या पाण्यातील दोष या शिस्तीने बऱ्याच अंशी दूर होतात. आर्सेनिकयुक्त पाणी मात्र उकळून सुरक्षित होत नाही. पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यातील विषाचे प्रमाण थोडे वाढतेच.

आपल्या घरासाठी बोध

या गटाचा एक अभ्यास थेट स्वयंपाकघराशी संबंधित आहे. आर्सेनिकयुक्त पाण्यावर पिकलेल्या तांदळातही हे विष उतरते. तांदूळ स्वच्छ धुऊन, सहापट सुरक्षित पाण्यात शिजवून पेज काढून टाकली, तर त्यातील निम्म्याहून अधिक आर्सेनिक निघून जाऊ शकते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. आपल्या आजी-पणजींची पेज गाळून भात करण्याची रीत बाधित भागांतील कुटुंबांना अशी उपयोगी पडू शकते.

महाराष्ट्राचा प्रश्न वेगळा आहे. येथे यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील भूजलात फ्लोराइड आढळते. त्याने दात डागाळतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. अनेक ठिकाणी नायट्रेटही अधिक असते. हे दोन्ही पदार्थ वस्त्राने गाळले जात नाहीत आणि उकळल्याने नाहीसे होत नाहीत. ज्यांच्या घरी, शेतात, मंदिराच्या वा धर्मशाळेच्या आवारात कूपनलिका आहे, त्यांनी तिच्या पाण्याची रासायनिक तपासणी अवश्य करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. चातुर्मासात साधु-साध्वींच्या आहारपाण्याची आणि शेकडो श्रावकांच्या भोजनाची व्यवस्था जेथे होते, तेथील विश्वस्तांनी तर ही तपासणी ठरावीक काळाने करून तिचा अहवाल फलकावर लावावा.

आपल्या धर्माने प्रत्येक क्रियेत यतना सांगितली आहे. पाणी गाळताना वस्त्र फाटलेले नाही ना, हे आपण पाहतो. त्याच दक्षतेने पाण्यात काय विरघळले आहे हेही पाहिले पाहिजे. गंगेच्या मैदानातील लक्षावधी कुटुंबांनी कोणताही प्रमाद न करता, केवळ अज्ञानामुळे, वर्षानुवर्षे विष प्राशन केले. आज तपासणीचे साधन आपल्या जिल्ह्यात उपलब्ध आहे. ते वापरले नाही, तर अज्ञान हे कारण आपल्याला सांगता येणार नाही.